ठेक्याचा डबा

निपाणी
२२ नोव्हेंबर १९८१

लतिकाच्या बाबांना बेबीचा जय भीम.

काल भेटीला आलते. तुम्ही बाहेर आला नाही. जाळीपाशी उभी राहून पाय भरून आले, तेव्हा जमादार आला आणि म्हणाला, "अव्वा, तो येत न्हाय म्हणतोय. जावा आता." चिवडा आणि साबण त्याच्याकडंच दिलाय, मिळाला असेल. लतिकाला नवा फ्रॉक घालून आणलं होतं. तुरुंगातून परतताना हिंडलग्याच्या बसमध्ये तिनं विचारलं, बाबा झोपलेत काय. मी व्हय म्हटलं.

गुंडूभावजी सांगत होते की तुमचा राग साक्षीवर आहे. बायकोनं नवऱ्याविरुद्ध कोर्टात तोंड उघडलं असं तुम्ही म्हणता. वकिलांनी विचारलं, स्टँड कुणाच्या हातात होता. मी सांगितलं. तुम्ही तेव्हा खाली बघत होता, नीट ऐकलंत की नाही कोण जाणे. म्हणून काय झालं ते लिहूनच पाठवते, मग राग धरा नाहीतर सोडा.

शरच्चंद्रभाऊंनी तो डबा आणला तेव्हा आपण पार्टीतले सगळेच हसलो होतो. बेळगावच्या खडेबाजारात माडीवर त्यांचं रेडिओचं दुकान, मागच्या खोलीत भिंतींना गोणपाट ठोकून केलेलं रेकॉर्डिंग, आणि मधल्या टेबलावर हा नवा पाहुणा. गोव्याच्या कुणा बोटीवरच्या तारवट्यानं जपानहून आणलेला. तबल्याच्या खोक्याएवढा, वर विलायती ठेक्यांच्या बटणांची ओळ. एक बटण रुंब्याचं, एक वॉल्ट्झचं, एक मार्चचं. बटण दाबलं की आतून टिक-टिक-ढुप सुरू. मारुतीराव ढोलकी मांडीवर घेऊन म्हणाले, "ह्यो तर घड्याळ गिळलेला बेडूक!" आणि तुम्ही उठून त्या रुंब्यावर कंबर हलवून नाचलात. मी हसून हसून खाली बसले. असं आपण पुन्हा हसलो नाही.

त्या दिवशी दुपारी तुम्ही उशिरा आलात. कुठून आलात ते लिहीत नाही, पत्र जमादार वाचतात. गाणं अर्धं झालं होतं, मी कानाला हेडफोन लावून गात होते आणि डबा चालू होता. शरच्चंद्रभाऊ म्हणाले, "नागोजी, आज बसा जरा. ह्या गाण्याला हात नकोय, ठेका डब्याचा घेतलाय."

तुम्ही विचारलंत, "माझा हात नको?"

ते म्हणाले, "आजच्या दिवस."

तुम्ही पुन्हा तेच विचारलंत, हळू आवाजात. मग तुमच्या काँगोचा लोखंडी स्टँड उचललात. पहिला घाव टेबलावर बसला. दुसरा त्यांच्या तोंडावर. त्यांनी हातानं डोळा धरला, आणि बोटांमधून जे खाली आलं ते नुसतं रक्त नव्हतं. ते ओरडलेसुद्धा नाहीत, गुरासारखा एक हुंकार आला फक्त. आणि डबा चालूच होता. टिक-टिक-ढुप, टिक-टिक-ढुप. कुणाला बंद करायचं सुचेना.

मग तुम्ही माझ्याकडं वळलात आणि स्टँड डोक्यावर नेलात. मारुतीरावांनी मागून कमरेला मिठी मारली म्हणून मी आज पत्र लिहितेय. हे मी कोर्टात सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही.

मी आत्तींबरोबर विड्या वळते. आम्हा सासूसुनांचं चाललंय. पुढच्या महिन्यात पुन्हा येते, तेव्हा बाहेर या. माझ्यासाठी नको तर पोरीसाठी या.

बेबी


निपाणी
१८ एप्रिल १९८२

लतिकाच्या बाबांना जय भीम.

गुंडूभावजींकडून तुमचा निरोप मिळाला. मी बेळगावला त्या दुकानात जाते का, खरं काय ते कळव, असं तुम्ही विचारलंय.

जात नाही. सकाळी विड्या, दुपारी विड्या. बोटांना तंबाखूचा वास बसलाय, लतिका जवळ येत नाही.

आत्तींनी भेटीत माझ्या कानाचं काही सांगितलं म्हणे. सर्दीनं कान बसलाय, तेल घालते, बरा होईल. तुम्ही काळजी करू नका. तुम्ही करत नसाल, तरी पत्रात लिहायची रीत म्हणून लिहिलं.

चौदा तारखेची मिरवणूक लई मोठी झाली. लोक म्हणत होते, नागोजीचा काँगो पाहिजे होता.

बेबी


निपाणी
३० ऑक्टोबर १९८२

लतिकाच्या बाबांना जय भीम.

आज सगळं खरं लिहायला बसले आहे. कारण आता लिहिलं नाही तरी तुम्हाला कळणारच. कॅसेट बाहेर आली आहे. बाबासाहेबांची गाणी, गायिका बेबी निपाणीकर. इथल्या चहाच्या गाड्यावर सुद्धा वाजते. कुणी ना कुणी तुमच्यापर्यंत आणेल, त्याआधी माझ्याकडून ऐका.

मी गेल्या संक्रांतीपासून बेळगावला जातेय. एप्रिलमध्ये जात नाही असं लिहिलं ते खोटं होतं. भीती वाटली म्हणून लिहिलं. तुम्ही आत आहात तरी वाटली.

शरच्चंद्रभाऊ स्वतः आपल्या दारात आले होते. काचेचा डोळा बसवलाय, तो हलत नाही. मला वाटलं शिव्या द्यायला आलेत. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "बेबीताई, गाणार का? माझ्याकडं वादक येत नाहीत आता, घाबरतात. डबा आहे फक्त." मी काही बोलायच्या आत आत्ती मागून म्हणाल्या, "जाईल ती." ते गेल्यावर मी आत्तींना म्हटलं, लोक काय म्हणतील, ज्याच्यामुळं नवरा आत गेला त्याच्याच दारात. तर म्हणाल्या, "त्येच्यामुळं न्हाय गेला. हाताच्या गुणानं गेला. माझ्या छातीत तंबाखू बसलीय, श्वास घेतला की घरघरतंय. तुझा गळा तरी ऱ्हाऊ दे. जा."

आता कानाचं. सर्दी नाही, काही नाही. डावा कान गेलाय. तुम्हाला ठाऊक आहे केव्हा गेला.

संकेश्वरचा कार्यक्रम. उसाचा हंगाम, मैदान भरलेलं. दुसऱ्या कडव्याला मी समेवर आले नाही, अर्धा ठोका मागं राहिले. पडद्यामागं गेल्यावर तुम्ही एक शब्द न बोलता उलट्या हातानं कानाखाली दिलीत. रोज चामड्यावर पडणारा तुमचा हात. आत काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला आणि मग शिट्टी वाजत राहिली. रक्त मानेवरून पोलक्यात गेलं. मी पदर ओढून घेतला आणि पुढचं गाणं म्हटलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, वन्स मोअर दिला.

त्यानंतर मला डाव्या बाजूचा काँगो ऐकूच येईना. आणि तुम्ही उभे राहायचात डाव्या बाजूलाच. ऐकू येत नाही म्हणून सम चुकायची, सम चुकली म्हणून मार, आणि मार बसला की दुसऱ्या दिवशी आणखी चुकायची. बेळगुंदीला, चिकोडीला, जिथं गेलो तिथं. तुमच्याजवळ बोलायची सोय नव्हती. "मला ऐकू येत नाही" म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग गातेस कशाला.

शरच्चंद्रभाऊंच्या ते लक्षात आलं. "तुम्ही मान अशी का वळवता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं असावं. मग त्यांनी डब्याची तार हेडफोनला जोडली आणि उजव्या कानावर ठेवली. इतकं स्वच्छ! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं, म्हणून त्यांनी टेप थांबवली. त्या दुपारी डबा का चालू होता त्याचं कारण हे आहे. तुमचा हात काढून टाकायला नव्हता. निदान माझ्यापुरता तरी नव्हता. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. दारू पिऊन येणाऱ्या वादकांना ते कंटाळले होते हेही खरं आहे.

डबा काही फार शहाणा नाही. त्याला आपला ठेका येत नाही. पण रुंबा आणि मार्च ही दोन बटणं एकदम दाबली की दोन्ही एकात एक मिसळतात आणि आपल्या भजनी ठेक्याच्या जवळ जाणारं काहीतरी निघतं. सगळी कॅसेट तेवढ्यावर केली आहे.

मला तुमची एक गोष्ट कधी विसरता आली नाही. तुमचे वडील भीमाप्पा यांनी धम्म घेतल्यावर गावची हलगी टाकली, आणि त्यासाठी गावानं त्यांना चावडीपुढं उताणं पाडून मनगटांवर काठ्या मारल्या. लग्नाआधी तुम्ही मला ते सांगितलंत आणि म्हणालात, "मी कुणाच्या दारात वाजवणार न्हाय. स्टेजवर वाजवीन, लोक तिकीट काढून ऐकतील." मी तुमच्याशी लग्न केलं ते या वाक्यासाठी. हात गेला की तुमच्याकडं काय उरतं, हे मला कळतं. ज्याच्या मनगटाची अशी गोष्ट आहे त्यानं माझा कान फोडावा, हे मात्र अजून कळत नाही.

बेबी


निपाणी
११ फेब्रुवारी १९८३

लतिकाच्या बाबांना.

उजवा हात गळ्यात बांधलाय, म्हणून हे डाव्या हातानं लिहितेय. अक्षर लागलं नाही तर जमादारांकडून वाचून घ्या.

गेल्या मंगळवारी गुंडू आला होता. भावजी आता म्हणणार नाही. टेम्पो खडेबाजारात लावून जॅकचा दांडा घेऊन वर आला. भर सकाळची वेळ. पहिला दांडा डब्यावर, मग पुन्हा, मग पुन्हा. बटणं भुईमुगाच्या शेंगांसारखी उडाली. शरच्चंद्रभाऊ आडवे आले. त्यांना काचेच्या डोळ्याच्या बाजूचं दिसत नाही, तो त्याच बाजूनं आला आणि त्यांच्या गुडघ्यावर घाव घातला. मग माझे केस धरले. जिन्यावरून खाली ओढत नेलं. प्रत्येक पायरी कुठं लागली ते अजून सांगता येईल. खांद्यापाशी हासळीचं हाड मोडलं, त्याचा आवाज मी चांगल्या कानानं ऐकला. पुढचे दोन दात गेले.

रस्त्यावर लोक उभे होते. पेरूवाल्यानं आपली पाटी तेवढी बाजूला घेतली.

गुंडू सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडत होता, "दादानं सांगितलंय! डबा फोड, आन हिला घरात बसव!"

मी तुम्हाला सगळं खरं लिहिलं. मी कुठं जाते, कधीपासून जाते, कानाला काय लावते. त्या पत्राचं तुम्ही हे केलंत काय? एवढं एकच विचारते. व्हय किंवा न्हाय कळवा.

घरी आल्यावर आत्तींनी गुंडूला गल्लीत चपलेनं मारलं, चप्पल तुटेपर्यंत. तो मान खाली घालून उभा राहिला. मग आत आल्या आणि माझे पाय धरले. "एक पोरगा आत हाय. दुसरा नगं घालवू. मी सांभाळते त्येला." त्या म्हाताऱ्या बाईनं पाय धरले म्हणून मी पोलिसांत गेले नाही. तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी नाही.

बेबी


बेळगाव
५ ऑगस्ट १९८४

लतिकाच्या बाबांना.

तुमचं व्हय आलं नाही, न्हायही आलं नाही. दीड वर्ष मीही लिहिलं नाही. आज लिहितेय कारण लतिकानं विचारलं, बाबांना माझा नंबर कळवलास का. दुसरीत वर्गात पहिली आली आहे. कळवलं.

मी, आत्ती आणि लतिका बेळगावला राहायला आलोय. हाड वाकडं जुळलंय, वर हात केला की दुखतं. दात बसवले. गाताना सुरुवातीला स अक्षर शिट्टीसारखं निघायचं, आता जमतं.

शरच्चंद्रभाऊंना मस्कतहून नवा डबा मिळाला. जुन्यापेक्षा लहान, पण ह्याच्यात तयार ठेके नाहीत. आपण घालायचे. लाल दिव्यांची ओळ आहे, ज्या दिव्यावर बटण दाबाल तिथं ठोका पडतो, आणि एकदा बसवला की रात्रंदिवस तसाच वाजतो. शरच्चंद्रभाऊंना एका डोळ्यानं ते बारके दिवे नीट दिसत नाहीत, म्हणून ते सांगतात आणि मी बसवते. त्यांची बायको आधी मला वेगळ्या कपातून चहा द्यायची. आता कपाचं भान राहत नाही तिला, ती पण दिवे बघत बसते.

मारुतीराव आले होते. मधे पार्टी मोडल्यावर ते संकेश्वरला उसाच्या ट्रॅक्टरवर गेले होते ना, तिथून. डब्याकडं बघितलं आणि त्याच्यावर थुंकले. मला म्हणाले, "बेबी, ह्यानं माझी भाकरी खाल्ली." खरंच खाल्ली. फक्त त्यांचीच नाही, निपाणी ते बेळगाव सगळ्या ढोलकीवाल्यांची. कॅसेटवाल्यांना आता चार माणसं नको असतात, त्यांना जेवण लागतं, बसभाडं लागतं. मी थुंकी पुसली आणि त्यांना म्हटलं, डबा लावते, त्याच्यावर तुम्ही ढोलकी वाजवून बघा. नको म्हणाले. मग बसले. पहिल्यांदा डब्याशी भांडल्यासारखे वाजवत होते, नंतर डब्यानं पाया धरला आणि ते मोकळे सुटले. दर गाण्याला त्यांना बोलवायचंच असं मी शरच्चंद्रभाऊंकडून कबूल करून घेतलंय. एका माणसाचं झालं. बाकीच्यांचं मला जमत नाही.

आणखी एक सांगायचंय. ते तुम्हाला आवडणार नाही.

नव्या कॅसेटच्या पहिल्या गाण्याला मी तुमचा ठेका बसवलाय. तुमचाच, तो तिसऱ्या ठोक्याला दम खाऊन मागून येणारा. आठ दिवस लागले. डबा सरळ चालतो, त्याला दम खाता येत नाही. शेवटी एक ठोका एक दिवा पुढं ढकलला आणि त्याच्याआधी एक हलका ठोका भरला, तेव्हा जवळपास आला. मारुतीरावांनी ढोलकीवर हात ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "आरं, नागोजी!"

का बसवला म्हणाल तर चांगला होता म्हणून. तुम्ही वाईट वागलात, ठेक्यानं माझं काही केलेलं नाही.

बेबी


बेळगाव
२ जून १९८५

लतिकाच्या बाबांना.

काल तुमच्याबरोबर आत असलेला एक माणूस सुटून दुकानात आला. मला बाजूला बोलावून म्हणाला, "नागोजीचा निरोप हाय. ठेका त्येचा हाय. कॅसेटमधनं काढ. न्हाय काढलास तर ज्या हातानं बटणं दाबतीस त्यो ऱ्हाणार न्हाय." निरोप सांगताना बिचारा माझ्याकडं बघत नव्हता. मी त्याला चहा पाजून पाठवलं.

गेल्या चार वर्षांत तुम्ही मला पाठवलेला हा दुसरा निरोप. पहिल्यात विचारलं होतंत, बेळगावला जाते का. दोन्हींत पोरीचं नाव नाही.

कॅसेटी गेल्या गावोगाव, त्या परत आणता येत नाहीत. आणता आल्या तरी आणणार नाही. पुढच्या छपाईत कव्हरवर "ठेका: नागोजी" असं घालायला मी शरच्चंद्रभाऊंना सांगितलंय. ज्यानं त्यांचा डोळा काढला त्याचं नाव छापायला ते लगेच तयार झाले नाहीत. दोन दिवस कव्हरचा कागद तसाच ठेवला. मग म्हणाले, "छापा. खरं आहे ते." यापेक्षा जास्त मी काही करू शकत नाही.

तुम्ही दिवाळीच्या आसपास सुटणार असं आत्ती म्हणतात. सुटल्यावर वाजवा. तुमच्या हातात अजून आहे ते कुठल्या डब्यात नाही, हे मी आठ दिवस दिव्यांशी झगडून शिकले. पण माझ्याबरोबर नाही. लतिकाला भेटायचं असेल तर मारुतीरावांच्या घरी भेटा, ते समोर बसतील.

आम्ही खोली बदलतोय. पत्ता लिहीत नाही.

बेबी


बेळगाव
१९ सप्टेंबर १९८५

नागोजी,

परवा स्मशानात पोलिसांच्या घोळक्यातून तुम्ही मला विचारलंत, आई जाताना काय बोलली. मी उत्तर दिलं नाही. तुमच्या हातात बेड्या होत्या, तिरडीला खांदा देता येत नव्हता, म्हणून तुमच्या जागी मी दिला. उजवा, वाकडा जुळलेला. पलीकडं मारुतीराव होते आणि मागं शरच्चंद्रभाऊ, ते लंगडत होते म्हणून तिरडी एका बाजूला कलत होती. तशा वेळी ते सांगायचं नव्हतं. आता सांगते.

नवा पत्ता गुंडूला माहीत नव्हता. आत्ती महिन्याला निपाणीला जायच्या, जुन्या ओळखीच्या बायकांत बसून यायच्या. तो त्यांच्या बसच्या मागून टेम्पोनं आला आणि कुठल्या गल्लीत वळतात ते बघून गेला. हे त्यानं पोलिसांना सांगितलंय.

रविवारी सकाळी आठचा सुमार. मी लतिकाची वेणी घालत होते. बाहेरून हाक आली, "आई, मी हाय." आत्तींनी दार उघडलं. मुलाचा आवाज होता, त्या उघडणारच.

त्याच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता. तोंडाला दारूचा वास नव्हता, अगदी शुद्धीत होता. आत्तींना म्हणाला, "तू सर बाजूला. मला फक्त तिचा हात पायजे. दादाला शब्द दिलाय." आत्ती हसल्या. खरंच हसल्या, त्यांना वाटलं पोरगं बडबडतंय. मग त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, आणि माझं तोंड बघून त्यांना समजलं.

त्या दोन्ही हात चौकटीला लावून आडव्या उभ्या राहिल्या. "गुंड्या, मागं हो." त्यानं त्यांना ढकललं, त्या हलल्या नाहीत. लतिका किंचाळली. मी तिला मागं ओढून पुढं झाले, आणि त्यानं माझ्या हातावर घाव टाकला. आत्ती मधे आल्या. कोयता त्यांच्या मानेत आणि खांद्यात बसला, इतका खोल की त्याला तो लगेच काढता येईना. त्यानं पाय देऊन काढला. स्वतःच्या आईच्या अंगावर पाय देऊन. मग रक्त आलं. माझ्या तोंडावर आलं, लतिकाच्या अर्ध्या वेणीवर आलं. गुंडू तिथंच उभा राहून "आई, आई" करायला लागला. नंतर तो पळाला आणि बसस्टँडवर सापडला. कोयता हातातच होता, लोक त्याच्यापासून लांब उभे होते.

सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत आत्ती संपल्या होत्या.

मी जबाब दिलाय. गुंडूचं नाव दिलं, आणि तुमचंही दिलं. सुटून आलेल्या त्या माणसालाही मी शोधून काढलं, तोही बोलायला तयार आहे. गुंडूनं तर सगळं आपणहून सांगितलं, भेटीत तुम्ही त्याला काय म्हणालात ते शब्दाला शब्द. दिवाळीला तुम्ही सुटणार नाही. तुमच्यावर नवी केस होईल. ह्या वेळी माझे पाय धरायला कुणी राहिलेलं नाही.

लतिका बोलत नाही. रविवारपासून एक शब्द नाही. जवळ घेतलं की येते, भरवलं की खाते. शरच्चंद्रभाऊंची बायको येऊन बसते तिच्यापाशी. माझं गाणं सध्या बंद आहे, पण पुढच्या महिन्यात रेकॉर्डिंग आहे आणि मी जाणार आहे. पोरीलाही बरोबर नेणार आहे.

आता तुम्ही विचारलंत ते.

आत्ती उंबऱ्यात खाली बसल्या होत्या. पाठ दाराच्या फळीला, पाय बाहेर, म्हणजे कुणाला आत येताच येऊ नये असं. मी त्यांच्या मानेवर पदर दाबून धरला होता, तो भिजून जड झाला होता. त्या म्हणाल्या, "पोरीला घिऊन आत जा. कडी लाव." मी ऐकलं नाही. त्यांना आत ओढायला लागले. त्यांनी मला कोपरानं ढकललं, अंगात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. आणि पुन्हा म्हणाल्या, "बेबी, कडी लाव गं."

त्यापुढं काही बोलल्या नाहीत. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. गुंडूचंही घेतलं नाही, तो समोर उभा राहून हाका मारत होता तरी.

बेबी